काळ्या मातीत दहा मीटरचा उभा अँटेना

हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, ४० मीटर बँडसाठी पाव लहरीचा उभा अँटेना साधारण दहा मीटरचा होतो. ३०० ला ७.१ मेगाहर्ट्झने भागले की पूर्ण लहर ४२.२५ मीटर येते. तिचा चौथा हिस्सा १०.५६ मीटर, आणि टोकाच्या परिणामामुळे त्यातून पाचेक टक्के वजा. आमचा खांब शेवटी १०.०६ मीटरवर ७.१० मेगाहर्ट्झला जुळला. हे आधीच सांगून टाकतो, कारण जो तो लांबीच विचारतो आणि या सगळ्या कामात लांबी हाच सर्वांत सोपा भाग आहे. वेळ गेला तो जमिनीत: पायाच्या खड्ड्यात, खुंटांत आणि रेडियलच्या, म्हणजे बुडापासून चहूबाजूंना पसरलेल्या, तारांत.

जागा म्हणजे इंदुरातल्या एका जुन्या वसाहतीतले घरामागचे अंगण, ५० बाय ३० फूट. माती माळव्याची, काळी, पाणी पिऊन फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. ती किती त्रास देते ते पुढे येईलच.

हा अँटेना कशासाठी घ्यायचा आणि कशासाठी नाही, हे मात्र आधी ठरवावे. उभ्या अँटेनाची लहर क्षितिजालगत जाते, म्हणून दूरचे देश ऐकायला तो चांगला. दिवसा पुण्या-नागपूरकडच्या मित्रांशी गप्पा मारायच्या असतील, म्हणजे चार-पाचशे किलोमीटरच्या आतले काम असेल, तर गच्चीवर सहा-सात मीटर उंचीवर ताणलेला साधा डायपोल (मधोमध केबल जोडलेली आडवी तार) याच्यापेक्षा कितीतरी सरस ठरतो, कारण त्याची लहर वर जाऊन आयनमंडलावरून जवळच खाली येते. आम्ही डायपोल काढला नाही. दोन्ही ठेवले आणि मधे स्विच लावला.

परवाना हातात असल्याशिवाय प्रसारण करायचे नाही, हे हॅमला सांगायला नको. घर विमानतळाच्या बाजूला असेल तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा उंचीच्या मर्यादेचा रंगीत नकाशाही पाहून घ्यावा. पण कागदांच्याही आधी मान वर करून तारा बघायच्या. वसाहतीच्या गल्लीतून ११ केव्हीची लाइन जाते. खांब दहा मीटरचा असेल तर तो कोणत्याही दिशेला आडवा पडला तरी लाइन त्याच्या टप्प्यात येता कामा नये. आम्ही उंचीच्या दीडपट, म्हणजे १५ मीटर, अंतर धरले. एवढी जागा नसेल तर त्या अंगणात हा अँटेना करू नये. त्याला दुसरा उपाय नाही.

नळ्या ६०६३ जातीच्या, टी-६ टेंपरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या घेतल्या. दुकानात त्या १२ फुटी लांबीत मिळतात आणि भाव किलोवर असतो. सगळ्यांची जाडी २ मिलिमीटर ठेवायची आणि व्यास पाव-पाव इंचाने उतरता घ्यायचा: पावणेदोन इंच, दीड, सव्वा आणि एक. म्हणजे प्रत्येक सांध्यात आतली नळी बाहेरच्या नळीत शिरते आणि चहूबाजूंनी १.१७ मिलिमीटर फट उरते. सगळीकडे एकच फट, म्हणून ती भरायची पट्टीही एकाच जाडीची लागते. १८ गेजचा पत्रा १.२ मिलिमीटरचा असतो, तो कागदावर बरोबर वाटतो पण बसता बसत नाही. ठोकून बसवायला गेलो तर नळीवर ओरखडे पडून अर्ध्यातच अडकली, आणि ती बाहेर काढण्यात एक संध्याकाळ गेली. २० गेजचा, म्हणजे ०.९ मिलिमीटरचा पत्रा घ्यावा. त्याचा एक वेढा आतल्या नळीभोवती गुंडाळून सरकवावा. उरलेली फट होज क्लिप आवळून मिटते, पण त्यासाठी बाहेरच्या नळीच्या तोंडाला हॅकसॉने चार चिरा द्याव्या लागतात, समोरासमोर दोन-दोन, प्रत्येक ५ सेंटीमीटर खोल. पाते एक मिलिमीटरचे, चिरा चार, म्हणजे परिघ चार मिलिमीटरने आणि व्यास सव्वा मिलिमीटरने आवळता येतो. गरज अर्ध्या मिलिमीटरचीच असते. चिरेच्या आतल्या टोकाला ३ मिलिमीटरचे भोक पाडून घ्यावे, नाहीतर वाऱ्याने हलून हलून तिथूनच तडा पुढे सरकतो.

तुकडे असे: सर्वांत खालची नळी आख्खी, ३.६६ मीटर. वरच्या दोन २.७ मीटरच्या, त्यातले ३० सेंटीमीटर सांध्यात, म्हणजे दिसणारी लांबी २.४ मीटर. शेंड्याची एक इंची नळी १.८ मीटरची, आणि ती आत-बाहेर सरकवूनच लांबी जुळवायची. एकूण वजन साडेसहा किलोच्या आत. हे वजन लक्षात ठेवा, उभा करताना कामाला येते.

सांध्यात अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो आणि वर्षभराने रिसीव्हरमध्ये करकर ऐकू येते, वारा सुटला की जास्त. म्हणून जोडण्याआधी दोन्ही पृष्ठभाग हिरव्या घासणीने चमकेपर्यंत घासून, अ‍ॅल्युमिनियम केबलच्या लगला (टोकाच्या धातूच्या कडीला) इलेक्ट्रिशियन लावतात ती पेस्ट पातळ लावली. वरचा सरकता सांधा सोडून बाकी दोन सांध्यांत स्टेनलेसचे दोन-दोन स्क्रूही मारले. तांब्याची तार अ‍ॅल्युमिनियमवर थेट कधीही आवळू नये. एका पावसाळ्यात पांढरी भुकटी धरते. मधे स्टेनलेसचा वॉशर हवाच.

आता पाया. अँटेनाचे बूड जमिनीपासून विजेच्या दृष्टीने वेगळे असावे लागते, पण त्यासाठी चिनीमातीचा भारी इन्सुलेटर शोधत फिरायची गरज नाही. पाव लहरीच्या बुडाशी प्रवाह सर्वाधिक आणि व्होल्टेज कमी असते. १०० वॉट आणि ४० ओहम धरले तर जेमतेम ६३ व्होल्ट. आम्ही ४० मिलिमीटरचा नायलॉनचा रॉड घेतला, ७० सेंटीमीटर. खालच्या नळीचा आतला व्यास ४०.४५ मिलिमीटर, त्यामुळे रॉड पट्टीशिवाय नेमका आत बसला. अर्धा आत, अर्धा बाहेर. नायलॉन ओल शोषून फुगतो. उन्हाळ्यात सैल वाटणारा रॉड श्रावणात असा घट्ट होतो की हलत नाही. तेव्हा सैल आहे म्हणून त्यावर टेप गुंडाळायची घाई करू नये. त्याच बुडावर अर्ध-लहरीचा अँटेना उभा करायचा असेल तर मात्र हे चालणार नाही, कारण तिथे बुडाशीच व्होल्टेज चढते.

रॉडच्या दोन्ही बाजूंना ५० बाय ५० चे दोन लोखंडी अँगल, ४२ मिलिमीटर अंतर ठेवून, काँक्रीटमध्ये उभे केले. वर फक्त ३२ सेंटीमीटर दिसतात. त्यांतून १२ मिलिमीटरचे दोन बोल्ट जातात. खालचा, काँक्रीटपासून १० सेंटीमीटरवरचा, बिजागरीचा. वरचा, २७ सेंटीमीटरवरचा, कुलपाचा. वरचा काढला की आख्खा खांब खालच्या बोल्टवर झुकतो. नळीचे बूड अँगलच्या डोक्यापासून ९ सेंटीमीटर वर राहते. हे अंतर कमी केले तर नळी आणि अँगल यांच्यात कपॅसिटर तयार होऊन मोजमाप बिघडते.

खड्डा ४५ बाय ४५ सेंटीमीटरचा आणि खोली ७५. खोली अशी ठरली की ६० वर काळी माती संपून मुरूम लागला आणि त्यात पुढे १५ सेंटीमीटर शिरलो. काळ्या मातीतच पाया थांबवला तर ती पावसात फुगून काँक्रीट उचलते आणि उन्हाळ्यात सोडून देते. दोन वर्षांत ओळंब्यातला खांब कलतो. १:२:४ च्या मिश्रणाला एवढ्या खड्ड्यासाठी सिमेंटची बरोबर एक गोणी लागली. अँगलच्या खालच्या टोकांना सळईचा आडवा तुकडा वेल्ड केला, नाहीतर ते काँक्रीटमध्ये फिरू शकतात. काँक्रीटचे डोके जमिनीच्या थोडे वर, चहूबाजूंनी उताराचे. भोवतीची मोकळी जागा खणलेल्या मातीने भरायची नाही, मुरमाने भरायची. सात दिवस पाणी मारले आणि तोवर खांबाला हात लावला नाही.

तणावे लागतातच. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात एवढ्या नळीवर एकूण २० किलोच्या आसपास जोर येतो. आकडा ऐकायला किरकोळ आहे, पण तो साडेचार-पाच मीटर उंचीवर लागतो आणि तणाव्यांशिवाय २ मिलिमीटर जाडीची नळी बुडाशी कायमची वाकते. मे महिन्यातली धुळीची वावटळ तेवढा जोर सहज दाखवते. एकच टप्पा पुरतो, साडेसहा मीटरवर, दीड इंची आणि सव्वा इंची नळीच्या सांध्यावर. तिथे ६ मिलिमीटर हायलमची (वीज न वाहणाऱ्या कडक लॅमिनेटची) चौकोनी पट्टी बसवली. मधले भोक ३३ मिलिमीटरचे, म्हणजे ती सव्वा इंची नळीवरून सरकून दीड इंचीच्या खांद्यावर टेकते. ओढ खालीच असल्याने ती वर जात नाही. चार कोपऱ्यांना चार भोके, चार तणावे. तीन तणावेही खांब धरतात, पण चार असले की खांब झुकवता येतो, म्हणून चार.

दोर पॉलिएस्टरचा, काळा, ४ मिलिमीटर, ३५ मीटर. नायलॉन ओला झाला की ताणतो. बाजारात मिळणारी पिवळी-निळी प्लॅस्टिकची दोरी दीड-दोन उन्हाळ्यांत बोटाने चुरडते. स्टीलची तार टाळली, कारण ती अँटेनाच्या लहरीत अडकते आणि मग तिचे इन्सुलेटर लावून तुकडे करावे लागतात.

खुंटांबाबत आमची मोठी चूक झाली. आधी दोन फुटी अँगल तिरके ठोकले. डिसेंबरात ते पहाडासारखे वाटले. एप्रिलमध्ये भेगा पडल्या आणि त्यातला एक हाताने हलू लागला. पहिल्या पावसानंतर दोन खुंट एका ओढीत बाहेर आले. मग चारही ठिकाणी ३० बाय ३० बाय ६० सेंटीमीटरचे काँक्रीट ओतून त्यात १२ मिलिमीटर सळईचा आकडा बसवला. प्रत्येकाचे वजन १३० किलोच्या आसपास होते, वादळात तणाव्यावर येणारी ओढ पंचवीस-तीस किलो. जड वाटेल, पण काळ्या मातीवर विसंबण्यापेक्षा वजनावर विसंबलेले बरे.

खुंट खांबापासून ४ मीटरवर आहेत. त्यातले बाजूचे दोन बिजागरीच्या बोल्टच्या रेषेत आणि त्याच उंचीवर असावे लागतात, तरच खांब आडवा असताना आणि उभा असताना त्या दोन तणाव्यांची लांबी एकच राहते. अंगणाला उतार होता आणि डावीकडचा आकडा बिजागरीपेक्षा १५ सेंटीमीटर खाली आला. खांब उभा होत गेला तसा तो तणावा आवळत गेला. शेवटी जवळजवळ १३ सेंटीमीटर आखूड पडला आणि नळी डावीकडे धनुष्यासारखी वाकली. वेळीच थांबलो म्हणून वाचली. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन लेव्हल काढणे पाच मिनिटांचे काम होते.

उभा करायला तीन माणसे लागतात. एक बुडाशी, एक खांब खांद्यावर घेऊन चालत येणारा, आणि एक मागच्या तणाव्याला ओढणारा. बुडापासून दोन मीटरवर उचलायला चौदा-पंधरा किलोचाच जोर लागतो, पण शेंडा लवतो, म्हणून पहिली उचल चार मीटरच्या पुढे धरून करावी. समोरचा तणावा आधीच मोजून बांधून ठेवावा, म्हणजे खांब उभ्या रेषेच्या पलीकडे जात नाही. आणि सकाळी लवकर करावे. अकरानंतर इंदुरात वारा सुटतो आणि नळीही हातात धरवत नाही.

इथपर्यंत जे झाले तो अर्धा अँटेना. उरलेला अर्धा जमिनीत असतो.

उभ्या नळीत वर जाणारा जेवढा प्रवाह, तेवढाच जमिनीतून बुडाकडे परत यावा लागतो. माती हा वाईट वाहक. प्रवाह तिच्यातून आला की उष्णता होऊन संपतो. तारांचे जाळे पसरले की तो तारांतून येतो. मध्यम लहरींच्या प्रसारणातही हेच असते. आकाशवाणी इंदूरच्या ६४८ किलोहर्ट्झवर पाव लहर ११६ मीटरची होते. अशा मनोऱ्यांखाली १२० तारा पसरायची रीत ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन या अमेरिकी अभियंत्यांनी १९३७ मध्ये छापलेल्या मोजणीनंतर रूढ झाली. घरी १२० कोण घालणार. पण किती घातल्या तर काय मिळते, हे आम्ही चार-चार, आठ-आठ वाढवून मोजले.

तार घरगुती वायरिंगची, १ चौरस मिलिमीटर, पीव्हीसी आवरणाची. गुंडाळी ९० मीटरची येते. तिच्यातून ५.६ मीटरच्या १६ तारा निघतात. जमिनीवर टाकलेल्या तारांची लांबी लहरीशी जुळवावी लागत नाही, माती त्यांचा सूर असाही बिघडवून टाकते. तेवढ्याच तारेत लांब आठ घालण्यापेक्षा आखूड सोळा घातल्या तर जास्त फायदा होतो, कारण बुडाजवळ प्रवाह सर्वांत दाट असतो. स्टेनलेसची २० सेंटीमीटर चौकोनी पट्टी बुडाशेजारी बसवून तिला ६ मिलिमीटरचे आठ बोल्ट आणि प्रत्येक बोल्टवर चार लग.

बुडाशी नॅनोव्हीएनए (अँटेनाचा रोध मोजणारे छोटे यंत्र) लावून, अनुनादावर, म्हणजे अँटेना ज्या वारंवारितेला जुळतो तिथे, रोध किती येतो ते पाहिले. ४ तारांवर ७१ ओहम. ८ वर ५८. १६ वर ४९. दुसरी गुंडाळी फोडून ३२ केल्या तेव्हा ४३.

इथे बहुतेक जण फसतात. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना ५० ओहमच्या केबलशी किती जुळला त्याचा आकडा, एकास एक म्हणजे पूर्ण जुळणी. १६ तारांवर ४९ ओहम म्हणजे एसडब्ल्यूआर जवळजवळ एकास एक, मीटरचा काटा हलतच नाही. माणूस खूश होऊन पाना खाली ठेवतो. ३२ तारांवर एसडब्ल्यूआर १.१६ झाला, म्हणजे मीटरवर अँटेना बिघडला. प्रत्यक्षात सुधारला. पाव लहरीचा स्वतःचा रोध ३६ ओहमच्या आसपास असतो, त्यावरचे सगळे ओहम माती तापवतात. ७१ ओहमवर निम्मीच शक्ती हवेत जाते, ४३ वर ८४ टक्के जाते. फरक दोन डेसिबलहून थोडा जास्त. आणि हे मिळवायला लागले काय, तर दोन गुंडाळ्या आणि खुरपे. कुणी अर्थिंगचा एकच खुंट ठोकून आणि एकही तार न घालता बुडाशी ५० ओहम आणून दाखवला, तर मागचे १४ ओहम कुठे गेले ते त्याला विचारावे.

तारा पसरताना अंगणाच्या भिंतीला गाठ पडली की तिथून वळवून भिंतीलगत न्यायच्या. घराच्या बाजूला फरशी होती, तिकडे तारा कमी पडल्या. त्याला इलाज नाही आणि त्याने आभाळही कोसळत नाही. खुरप्याने दोन-तीन सेंटीमीटरची चीर, त्यात तार, वरून पाय. जीआय तार वाकवून केलेल्या इंग्रजी यू आकाराच्या पिना हातभर अंतरावर. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करावे. पावसाळ्यात काळी माती खुरप्याला लाडवासारखी चिकटते आणि मेमध्ये खुरपे आत जात नाही. पट्टीपाशी प्रत्येक तारेला बोटभर सैल वळण ठेवावे. आम्ही पहिल्या वर्षी तारा ताठ आवळल्या होत्या. उन्हाळ्यात माती आकसली आणि सहा लग पट्टीवरून उपटून आले. सूर सरकला म्हणून शोधायला गेलो तेव्हा ते कळले.

गच्चीवर बसवणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा आहे. जमिनीपासून वर असलेल्या रेडियल दोन किंवा चारच पुरतात, पण त्या बरोबर पाव लहरीच्या, समोरासमोर जोडीने आणि खांबासारख्याच जुळवलेल्या लागतात. तिरक्या ४५ अंशांत खाली उतरवल्या की रोध ५० ओहमकडे जातो, आणि तो मातीमुळे नव्हे. त्यांच्या टोकांना प्रसारणाच्या वेळी व्होल्टेज असते, तेव्हा टोके हाताला लागणार नाहीत अशी.

लांबी जुळवताना सुरुवात मुद्दाम जास्त ठेवायची. रेडियलच्या पट्टीपासून नळीच्या बुडापर्यंतची ४० सेंटीमीटर तारही लांबीत धरायची, हे पुष्कळ जण विसरतात. आमची पहिली लांबी १०.३० मीटर, अनुनाद ६.९३ मेगाहर्ट्झवर. खाली आला म्हणजे खांब लांब आहे. साधारण दहा सेंटीमीटरला ७० किलोहर्ट्झ सरकते, त्या हिशेबाने शेंडा २४ सेंटीमीटर आत ढकलला आणि ७.१० वर आलो. दोनदाच झुकवावा लागला. ७.० ते ७.२ मध्ये एसडब्ल्यूआर कुठेच दीडच्या वर गेला नाही. हाच खांब २१ मेगाहर्ट्झवर पाऊण लहरीचा होऊन चालतो, जुळणीही होते, पण तिथे त्याची लहर बरीच वर चढते. चालतो म्हणून वापरावा, त्यासाठी बांधू नये. मोजताना रेडियल सगळ्या घातलेल्या असाव्यात, कारण तारा वाढवल्या की अनुनाद सरकतो. आणि व्हीएनए हातात धरून मोजू नये. हात दूर नेला की काटा हलत असेल तर आपण स्वतःच रेडियल झालेलो असतो.

केबलच्या बाहेरच्या जाळीवरून प्रवाह घरात शिरू नये म्हणून बुडाशी चोक लागतो. ३१ मिक्स या जातीची २.४ इंची फेराइट रिंग, तिच्यावर आरजी-५८ केबलचे १२ वेढे, प्लॅस्टिकच्या डबीत. तसाच दुसरा चोक घरात शिरताना. उभा अँटेना आजूबाजूचा गोंगाट डायपोलपेक्षा जास्त उचलतो. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर, सगळे बोलू लागतात. दुसऱ्या चोकने आमच्याकडे जेवढा गोंगाट उतरला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही. केबल २५ मीटर. आरजी-५८ मध्ये या वारंवारितेला साधारण एक डेसिबल जाते, आरजी-२१३ मध्ये निम्म्याहून कमी. जिथे रेडियल घालून दोन डेसिबल मिळवले तिथे केबलमध्ये अर्धा सोडायचा का, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न.

वीज पडून देशात सर्वाधिक माणसे जातात त्या राज्यांपैकी मध्य प्रदेश एक आहे. पायाशेजारी ४० मिलिमीटरचा, अडीच मीटरचा जीआय पाइप पुरून त्याला रेडियलची पट्टी जोडली आणि जाड तारेने घराच्या अर्थिंगलाही. दोन अर्थिंग वेगळी ठेवली तर विजेच्या वेळी त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक रेडिओतून मार्ग काढतो. नळी आणि पट्टीच्या मधे १०० किलोओहमचा रेझिस्टर लावला. धुळीच्या वाऱ्यात आणि लूमध्ये नळीवर स्थिर वीज साचते. रेझिस्टर नसताना सुट्या प्लगमधून टिक-टिक ठिणग्या निघताना दिसल्या होत्या. जोडीला २३० व्होल्टचा गॅस ट्यूब अरेस्टर (व्होल्टेज चढले की ते जमिनीकडे वळवणारा). यातले काहीही थेट पडलेली वीज अडवत नाही. ढग दिसले की केबल खिडकीबाहेरच काढून ठेवायची, एवढाच खरा उपाय.

बुडाभोवती हिरव्या प्लॅस्टिकच्या जाळीचे कुंपण आहे. प्रसारण चालू असताना नळीला बोट लागले तर भाजते, आणि तो भाजलेला ठिपका आतून असतो, लवकर बरा होत नाही. तणाव्यांचा वेगळा ताप. अंगणात चार ताठ दोऱ्या दिसल्या की त्यावर ओले कपडे येणारच. "अहो, दोरीच तर आहे," या युक्तिवादाला उत्तर नाही. वेगळी वलणी बांधून दिली.

पहिल्या आठवड्यात दोर ताणतो, तेव्हा टर्नबकल (तणावा ताणायचे स्क्रू) पुन्हा आवळावे. त्यानंतर वर्षातून दोनदा झुकवतो. एकदा पावसाळा संपल्यावर, तेव्हा क्लिप, पेस्ट आणि लग पाहायचे. दुसऱ्यांदा संक्रांतीनंतर. त्या दिवशी आख्ख्या वसाहतीचे पतंग शेंड्यावर येऊन अडकतात, पोरे मांजा ओढत राहतात आणि काचेचा मांजा पॉलिएस्टरला करवतीसारखा कापतो. वरच्या पट्टीपासून हातभर अंतरात दोरावर कापल्याच्या खुणा सापडतात. अर्ध्याहून जास्त तंतू गेलेले दिसले की तो तणावा आख्खा बदलतो, गाठ मारून जोडत नाही.